वाढत्या मापाचे चाकू

१४ ऑक्टोबर

मामी, नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका. घर जागेवर आहे आणि मीही. फोन केला की तुम्ही "बरी आहेस ना, बरं" म्हणून तो बहिणीच्या हातात देता आणि मग मी तिच्या गुडघ्यांबद्दल ऐकत बसते, म्हणून आई म्हणाली, लिही. मी इंग्लिश मीडियमची. शाळा सुटल्यापासून मराठीत एवढं लांब काही लिहिलेलं नाही. जोडाक्षरांना हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

मुद्द्याचं आधी. दाताचे डॉक्टर येऊन गेले. मामाच्या वर्कशॉपमध्ये टेप लावून मापं घेतली, पेशंटची खुर्ची कुठे बसेल ते खडूने फरशीवर काढलं, आणि मामाच्या भट्टीकडे बघून मला विचारलं, ही तंदूर कधी हलवणार. म्हणाले, वर्षाच्या शेवटी खोली रिकामी करून द्यायचं तुम्ही कबूल केलंय.

मामी, मला ती खोली हवी आहे.

बहिणीकडे जाताना घर सांभाळायला म्हणून तुम्ही मला इथे ठेवलंत, ते मी सांभाळतेय. दिवसभर समोरच्या खोलीत बसून कंप्यूटरवर लोकांच्या वेबसाइटची बटणं इकडची तिकडे करते. पण काम संपलं की माझे पाय आपोआप वर्कशॉपकडे जातात. आणि बातमी अशी, की माझा पहिला घडीचा चाकू तयार झाला आहे. म्हणजे उघडतो तरी. मिटताना मध्येच विचारात पडतो. पातं जुन्या कानशीचं कापलं, भट्टीत लाल केलं, मॅग्नेट चिकटेनासा झाल्यावर तेलात विझवलं, आणि मग पिवळट रंग येईपर्यंत तुमच्या ओव्हनमध्ये भाजलं. (ओव्हनला आता जरा वास येतो. सॉरी.) पाठीची कमान मात्र दोनदा मोडली. मामा म्हणायचा, पातं काय कुणीही घासतं, चाकूचा जीव कमानीत असतो. तीच पात्याला उघडं धरते आणि तीच मिटलेलं. तेव्हा मी मान हलवायची. आता कळतंय.

दोन शंका आहेत. मामाने कामाच्या टेबलाची डावी बाजू रिकामी का ठेवली होती? सगळी हत्यारं उजवीकडे दाटीवाटीने आणि डावीकडे काहीच नाही, नुसता एक दिवा. मी तिथे माझं सामान पसरलं, पण बसमध्ये कुणाच्या रुमाल टाकलेल्या जागेवर बसल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून उचललं.

दुसरं, त्या खोलीत एको आहे का? चाकू मिटला की खटका होतो ना, टक् असा. मामा कानाशी धरून ऐकायचा तो. माझा होतो, आणि मग जरा थांबून त्या रिकाम्या बाजूकडून अजून एक होतो. हलका. मी पत्र्याच्या कपाटाला गोधडी गुंडाळून बघितली, तरी येतो. शिकाऊ मुलाने मागून करून बघावं ना, तसा. घाबरण्यासारखं काही नाही, मला उलट कंपनी वाटते.

तर खोलीचं काय ते कळवा. डॉक्टरांना दात काढायला जागा कुठेही मिळेल.

तुमची भाची,
खटपट
(मामा हेच म्हणायचा, म्हणून हेच लिहिते.)


२२ ऑक्टोबर

चि. भाचीबाई,

पत्र पोचलं. शेवटपर्यंत वाचलं. जोडाक्षरं तुझ्या आईपेक्षा बरी आहेत.

ओव्हन मी केक करायला घेतला होता. ह्यांनी घेऊ दिला तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

खोली मी डॉक्टरांना देणार आहे. तुझ्यावर राग नाही. तू घरात राहा, हवी तितकी वर्षं राहा, पण ती खोली जाऊ दे. लग्न झाल्यापासून मी त्या दाराकडे बघत आले. हे सकाळी आत जायचे, जेवायला बाहेर यायचे, पुन्हा आत. चहा मी उंबऱ्यावर ठेवायची. आत ये असं कधी म्हणाले नाहीत आणि मीही कधी गेले नाही. गेल्या वर्षी तिथेच खुर्चीत बसल्या बसल्या गेले, तेव्हा मला पहिल्यांदा आत जावं लागलं. त्यानंतर नाही.

डॉक्टर आले की तिथे रोज नवी माणसं येतील, ओरडतील, चूळ भरतील, गाल धरून निघून जातील. खोली गजबजेल. तेच मला हवंय.

टेबलाच्या डाव्या बाजूला खुशाल सामान ठेव. टेबल आहे ते, कुणाची बसायची जागा नाही. आणि एकोचं म्हणशील तर पंखा लाव. पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

वर्ष संपेपर्यंत काय करायचं ते कर. बोटं सांभाळ.

मामी


९ नोव्हेंबर

मामी,

हे पत्र वाचल्यावर तुमचं मत बदलणार, मी आत्ताच सांगते.

टेबलाच्या डाव्या बाजूला खाली एक खण आहे. फुगून घट्ट बसला होता, मला वाटलं नुसती फळी आहे. रविवारी त्याला मेण घासून, हळूहळू ओढून काढला. आत जुन्या स्वेटरच्या लोकरी कापडाचं अस्तर, त्यात एकेका चाकूसाठी शिवलेले कप्पे, आणि कप्प्यांत चाकू. मामी, काय चाकू आहेत. सगळे एकाच घाटाचे. एकाच झाडाच्या लाकडाची मूठ, टोकाला तशीच पितळी टोपी. फक्त माप वाढत जातं. सगळ्यात छोटा माझ्या करंगळीएवढा, मग जरा मोठा, मग जरा मोठा, ओळीने, शेवटी पुऱ्या मापाचा. कपड्यांच्या दुकानात असतात ना लहान-मोठी मापं, तशी मामाने चाकूंची मापं बसवली होती. आणि कुणाला सांगितलं नाही. मार्केटिंग शून्य होतं त्याचं.

तर माझा प्लॅन ऐका. मी हीच मापं घेऊन चाकू करणार आणि विकणार. डॉक्टर देतील तेवढं भाडं मी देईन. तुमचं नुकसान नाही, खोली मामाचीच राहील, आणि मला ऑफिसात बसून बटणं हलवायची आहेत का आयुष्यभर, हा जो प्रश्न मला रोज सकाळी पडतो, त्याचं उत्तर मिळेल.

मामाने थोडं काम अर्धवट सोडलं होतं, ते मी पूर्ण केलं. सुरुवातीच्या बऱ्याच लहान चाकूंना धारच नव्हती. पातं घासलेलं, चकचकीत, पण कड गोल, मुद्दाम बोथट केल्यासारखी. पुढच्या मापांना मात्र व्यवस्थित धार. कंटाळला असणार. मी आख्खा दिवस दगडावर बसून सगळ्यांना लावली. करंगळीएवढ्यालासुद्धा. आता तो दंडावरचे केस काढतो, मी करून बघितलं.

शेवटचे काही एकाच मापाचे आहेत. मोठ्यांचं माप जास्त खपतं, म्हणून स्टॉक केला असेल. त्यांच्यापुढे रिकामे कप्पे होते, म्हणून पुढचा मी केला. पाठ कमानीशी अगदी सपाट आली, बोट फिरवलं तर जोड लागत नाही. त्याच लाकडाचा तुकडा वर फळीवर होता, तोच वापरला. आणि दिला ठेवून त्या कप्प्यात. मामाच्या ओळीत माझा. ओळखू येणार नाही तुम्हाला.

एकच गोष्ट डोक्यात जाते. पातं नखाने ओढायला खाच असते, ती ह्या सगळ्या चाकूंवर उलट्या बाजूला आहे. डावखुऱ्याला सोपी जाईल अशी. मी उजव्या हाताची, मामाही उजव्या हाताचा. इतकी डावखुरी गिऱ्हाइकं ह्या माणसाने आणली कुठून? सेट बिघडू नये म्हणून मीही माझी उलटीच ठेवली.

बाय द वे, तो एको गेला. धार लावली त्या दिवसापासून नाही. पंखा न लावता.

खटपट


१५ नोव्हेंबर

लहान चाकूंची धार काढ. हे पत्र खाली ठेव, उठ, आणि काढून ये. मग पुढचं वाच.

काढलीस का?

आमचा मुलगा डावखुरा होता.

तुझ्या आईने तुला सांगितलं नसणार, मीच तशी गळ घातली होती. तुझ्या आगेमागेच झाला. चालायला तो तुझ्या आधी लागला, बोलायला तू. तुम्हा दोघांना एकाच पाळण्यात झोपवलेलं मला आठवतं. तू त्याचं पांघरूण ओढायचीस. तीन वर्षांचा असताना ताप आला, आणि तापातच गेला. मी चमचा उजव्या हातात द्यायची आणि तो शांतपणे डाव्यात घ्यायचा. भांडायचा नाही. माझी पाठ वळली की बदलायचा.

नंतर ह्यांनी त्याचं नाव घरात काढलं नाही. मी काढलं की उठायचे आणि खोलीत जायचे. मी धरून चालले की विसरायला जातात. माझ्या एकटीच्याच लक्षात राहिलाय तो, असं समजून मी जगले. ह्यांच्याशी नीट वागले, पण ह्या गोष्टीसाठी मी ह्यांना आतून कधी माफ केलं नाही, हे आज लिहून टाकते.

तू विचारलंस, इतकी डावखुरी गिऱ्हाइकं आणली कुठून. एकच होतं.

तो मागचा खटका मीही ऐकलाय. हे गेल्यावर, दुपारची पडलेली असताना. खोलीचं दार बंद, आणि आतून टक्. मला वाटलं, हेच. राहवेना म्हणून बहिणीकडे आले. तुला एकटीला तिथे ठेवलं, आणि पंखा लाव म्हणाले. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. आता तो ह्यांचा नसावा असं वाटतंय.

त्या खोलीत जाऊ नकोस.

मामी


२४ नोव्हेंबर

मामी,

धार काढली. तुमचं पत्र उभ्या उभ्या उघडलं होतं, तशीच आत गेले. एकेका लहान पात्याची कड दगडावर पाडून गोल केली, मग पॉलिश पेपरने गुळगुळीत केली, मग माझ्या ओठांवरून फिरवून बघितली, कुठे लागत नाही ना. आयुष्यात चाकू इतका मन लावून बोथट केला नव्हता. सॉरी म्हणणं फार लहान वाटतं, पण सॉरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खटका परत आला. मी काहीच मिटत नव्हते तेव्हा. नुसती बसले होते.

खोलीत जाऊ नको म्हणालात, तरी जाते. न जाता बाहेर बसून ऐकणं जास्त वाईट आहे. ते तुम्हाला माहितीच आहे.

घरी जाऊन आईला विचारलं. ती भांडी घासत होती. नळ बंद केला नाही, म्हणजे तिला वाटलं पाण्याच्या आवाजात सांगितलेलं सांगितल्यात जमा होणार नाही. तिने तुम्ही लिहिलंत तेवढंच सांगितलं, आणि वर एक. म्हणाली, तुझा मामा दरवर्षी तुला बघायला यायचा ना, तो त्याच्या लेकाच्या वाढदिवसाच्या आसपास यायचा. तुझ्या नाही.

मग मला एक आठवलं आणि तेव्हापासून झोप नीट नाही.

दर वेळी आला की मामा खिशातून पुट्टीचा गोळा काढायचा. खिडकीच्या काचा बसवायची पुट्टी. म्हणायचा, दाब बघू, कोण जोरदार. डाव्या हाताने; उजव्याने दाबलंस तर ती चीटिंग. मला वाटायचं, ताकदीचा खेळ आहे. मी दातओठ खाऊन दाबायची. मग तो माझ्या बोटांच्या खाचा पडलेला गोळा रुमालात गुंडाळून ठेवायचा, अगदी अलगद, अंडं ठेवल्यासारखा. एकदा मी विचारलं, कुठे नेतोस? म्हणाला, दाखवायला. कुणाला, ते मी विचारलं नाही. मला आइस्क्रीमची घाई होती.

काल मी ते चाकू ओळीने डाव्या हातात धरून बघितले. लहान अर्थातच मावत नाहीत. शेवटचे बसतात. असे बसतात की मूठ मिटल्यावर चाकू कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होते ते कळत नाही. शेवटचे एकाच मापाचे का, तेही कळलं. माझा हात वाढायचा थांबला, म्हणून.

म्हणजे मामी, तो माझ्या हाताने वाढत होता. आणि पुढचा मीच केला. कुणी सांगितलं नसताना, त्याच लाकडाचा, त्याच्या बाजूला खाच ठेवून, कप्प्यात नेऊन ठेवला. मला वाटलं मी धंदा सुरू करतेय.

आता टाइप करताना डाव्या हाताकडे बघत बसते. मॅनेजरने विचारलं, बरं नाही का.

खोली मला अजून हवी आहे. हे लिहायला लाज वाटते, पण हवी आहे. डॉक्टरांचा माणूस पुढच्या महिन्यात नळाचं काम बघायला येणार आहे.

खटपट


३ डिसेंबर

चि. खटपट,

तुझं पत्र बहिणीला वाचायला दिलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघून परत गेली.

मला वाटलं होतं, हे कळल्यावर मला बरं वाटेल. ह्यांच्याही लक्षात होता तो, हे कळल्यावर. तसं झालं नाही. मला संताप आला आहे. आठवडाभर येतोच आहे.

मी त्याला तीन वर्षांचाच सांभाळत बसले. तेवढाच झगा, तेवढाच चमचा, तेवढंच बोबडं बोलणं. आणि हे तिकडे दाराआड त्याला मोठा करत होते. शाळेत घातला असेल. मिसरूड फुटलं असेल. मी उंबऱ्यावर चहा ठेवून वळायची, आणि आत माझा मुलगा बापाशेजारी उभा राहून कानस धरायला शिकत होता. एक कप ठेवायची मी. एकच.

धार कोणत्या मापापासून लावली ह्यांनी? बघून कळव. दहाव्या वर्षी? अकराव्या? मला विचारायचं होतं ना. मी इतक्यात नसती लावू दिली. बाप लोकांना कळत नाही. ह्यावर आमचं भांडण व्हायला हवं होतं, चांगलं कडाक्याचं, ते ह्यांनी एकट्यानेच मिटवून टाकलं.

केवढा झालाय गं त्याचा हात?

शब्दांत नको सांगूस. तू ये. इकडे ये, आणि मला तुझा डावा हात बघू दे. तुझ्या लहानपणी मी तुला कधी जवळ घेतलं नाही, तुझी आई त्यावरून अजून टोमणे मारते. तुला बघितलं की मला सारखं त्याचं वय कळायचं. म्हणून मी आत निघून जायची. आता मला ते वय बघायचंय.

खोलीचं. डॉक्टरांना मी नाही म्हणून कळवीन. खोली तुझी, हत्यारं तुझी, भाडं नको, कागदावर लिहून देते. एकच कर. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला एक चाकू कर आणि कप्प्यात ठेव. ह्यांनी केला तसा. तुझ्या हाताचा, डाव्या. एवढंच. तो जिथवर आलाय तिथे एकटा नको थांबायला.

लवकर कळव.

मामी


१२ डिसेंबर

मामी,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आईला विचारलं नाही, कारण ती म्हणेल, हो म्हण आणि मोकळी हो.

धार बघितली. माझ्या अंदाजाने बाराव्या वर्षापासून आहे. मामाने तुमच्या बाजूने विचार केला असावा.

मी येईन. तुम्हाला हात बघायचाय तर बघा, धरा, हवा तेवढा वेळ धरा. पण आधी सांगते, तो माझा आहे. अंगठ्याखाली भाजल्याचा डाग आहे, तो मला तुमच्या ओव्हनच्या दाराने दिलाय. तर्जनी वाकडी आहे, ती मी सायकलवरून पडून मोडली होती. तेव्हा मामा प्लास्टर निघायची वाट बघत आमच्याकडे राहिला होता. मला वाटलं, माझी काळजी. असेलही. माझीही असेल. तेवढं मला राहू दे.

दरवर्षीचा चाकू मी करणार नाही.

खोली गेली तरी. आणि खोली मला किती हवी आहे हे तुम्हाला माहितीये. तुमची अट वाचली तेव्हा पहिली पाच मिनिटं मी नाचले. मग कप्पे मोजायला म्हणून खण ओढला. मामी, मामाने पुढचे रिकामे कप्पे खूप शिवून ठेवलेत. मी तिशीची होईन, चाळिशीची होईन, आणि तो माझ्या मागे मागे येत राहील. माझे सांधे दुखायला लागतील आणि मग मी त्याच्यासाठी हलक्या कमानीचा चाकू करीन. मी म्हातारी होईपर्यंत तुमचा मुलगा म्हातारा होत राहील. मला ह्याची भीती वाटते. त्या खटक्याची वाटत नाही तेवढी ह्याची वाटते.

तुम्ही विचारलंत, केवढा झालाय. मला नाही माहीत. मामालाही नव्हतं. त्याला फक्त मी केवढी झाले ते माहीत होतं. तीन वर्षांपर्यंतचा हात केवढा होता, हे मात्र एका माणसाला नक्की माहीत आहे, आणि मामाने त्या माणसाचं माप कधीच घेतलं नाही.

म्हणून सोबत डबा पाठवतेय. आत पुट्टी आहे, ओल्या कापडात. वाळायच्या आत दाबा. उजव्या, डाव्या, ज्या हाताने तुम्ही फळ कापता त्या. चाकू धरल्यासारखी मूठ आवळा आणि परत पाठवा. मला तुमचा चाकू करायचाय. तुमच्या हातात बसेल असा, तुम्हाला सोप्या बाजूला खाच असलेला. डॉक्टर आले तर भट्टी आमच्या गच्चीवर नेईन आणि तिथे करीन. आई ओरडेल. ओरडू दे.

मी खणातून माझा चाकू काढून घेतला. बाकीचे आहेत तसेच आहेत.

खटपट


२७ जानेवारी

खटपट,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र मी आधी रागाने ठेवून दिलं. नंतर रोज वाचत होते. मी तुला नको ते मागितलं. तुझ्या आईजवळ बोलू नकोस, टोमण्यांत भर पडेल.

डॉक्टरांना नाही म्हणून कळवलं. त्यांना बाजारात दुसरी जागा मिळाली, खालच्या मजल्यावर, म्हातारे पेशंट खूश आहेत. खोली तुझी. अट नाही. रंग लाव, दार पार काढून टाक, काय करायचं ते कर. मी पुढच्या महिन्यात येते. तो खण मला बघायचाय, एकदा. तेव्हा तू माझ्याबरोबर आत ये. आणि मला अहो-जाहो पुरे. मामाला अरे म्हणायचीस, मी काय पाहुणी आहे?

आता गोळ्याचं. तो डबा बरेच दिवस टेबलावर होता. कापड मी रोज ओलं करत होते, दाबत मात्र नव्हते. बहीण विचारायची, ह्यात काय मुरत घातलंयस? काल ती बाहेर गेल्यावर घेतला हातात. तू सांगितलंस तसं, चाकू धरल्यासारखं धरायला गेले. जमेना. बोटं त्यांच्या मनाने वळली.

रस्ता ओलांडताना तो माझं बोट धरायचा नाही. मी धर म्हणायची, आणि तो मूठ घट्ट मिटून घ्यायचा, म्हणजे मला काही धरताच येऊ नये. मग मी त्याची ती आख्खी मूठच माझ्या हातात घ्यायची आणि पलीकडे न्यायची. हे मी विसरले होते. इतकी वर्षं सगळं आठवत बसले आणि हेच विसरले होते. हाताला आठवत होतं.

तसाच धरला गेला गोळा. बराच वेळ धरून बसले. ऊबही आली त्याला.

बरोबर पाठवतेय. तू म्हणशील, दाबलाच नाहीस. जोर लावता आला नाही. त्याला दुखेल असं वाटलं. वरवर माझ्या बोटांचे ठसे आहेत, जेमतेम. माप तेवढंच आहे. त्या मापाने चाकूची मूठ आखूड होईल, गोल होईल, आत पातं मावायचं नाही बहुतेक. तेवढ्यावर जमत असेल तर कर. परत दाबायला सांगू नकोस.

मामी